कॅमेऱ्याच्या पायाखाली काय आहे?

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

दिवाळी पहाटेच्या मैफलींनी सुरू होणारा संगीताचा हंगाम डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवापर्यंत येतो आणि पुढे गावोगावच्या संगीत मंडळांमधून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालू राहतो. यांतील पुष्कळ मैफलींचे आता चित्रीकरण होते आणि ज्यांना प्रत्यक्ष येता आले नाही, असे रसिक ते घरी बसून पाहतात. या चित्रीकरणांतील आवाज बरा असतो. चित्र मात्र वारंवार थरथरते. त्याचे खापर बहुधा कॅमेरा चालवणाऱ्याच्या हातावर किंवा कॅमेऱ्याच्या किमतीवर फुटते. लहान मंडळांच्या मैफली हौसेने चित्रित करणारा रसिक या नात्याने माझे मत वेगळे आहे. ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्याची थरथर बहुतेक वेळा त्याच्या पायाखालून येते आणि ती थांबवणे प्रामुख्याने आयोजकांच्या हाती असते.

मैदानावरील मांडवात कॅमेऱ्यासाठी जो चौथरा उभारतात, तो लोखंडी सांगाड्यावर प्लायवुडच्या फळ्या टाकून केलेला असतो. वर गालिचा अंथरला की तो भक्कम दिसतो. त्याच चौथऱ्यावर ध्वनिसंयोजकाचे टेबल, कडेला निमंत्रितांच्या चार खुर्च्या आणि चहा घेऊन ये-जा करणारे कार्यकर्ते असा सगळा संसार थाटलेला असतो. कोणी उठले की फळी लवते आणि तिच्याबरोबर कॅमेरा कलतो. सबवूफर, म्हणजे खर्जाचे आवाज देणारा मोठा ध्वनिवर्धक, जवळ ठेवला असेल, तर डग्ग्याचा घुमारा फळीतून ट्रायपॉडच्या पायांत चढतो. कॅमेरा चालवणाराही शेवटी रसिकच असतो. त्याने पायाने ताल धरला की समेवर चित्रही मान हलवते.

हे हेलकावे किती लहान कारणाने निर्माण होतात, ते हिशेबाने पाहण्यासारखे आहे. ट्रायपॉडचे तिन्ही पाय एकमेकांपासून मीटरभर अंतरावर आहेत आणि फळी लवल्यामुळे त्यांतील एक पाय अवघा दीड मिलिमीटर खाली गेला, असे धरू. कॅमेरा साधारण एक दशांश अंशाने कलेल. रंगमंच २० मीटरवर असेल, तर तेथे हा फरक साडेतीन सेंटिमीटरचा होतो. संपूर्ण रंगमंच दाखवणाऱ्या १२ मीटर रुंदीच्या चौकटीत तो पाच-सहा पिक्सेलांचा, म्हणजे चित्रातल्या पाच-सहा बारीक ठिपक्यांएवढा भरेल आणि कदाचित कोणाच्या लक्षातही येणार नाही. परंतु चौकटीत केवळ गायकाचा चेहरा आणि खांदे, म्हणजे सव्वा मीटर रुंदीचा भाग घेतलेला असेल, तर १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात तोच गायक एका झटक्यात पन्नासाहून अधिक पिक्सेल सरकतो. तंबोऱ्याच्या तारेवरचे बोट किंवा तबलजीचा हात जवळून दाखवताना तर विचारायलाच नको.

चित्रपटगीतांच्या कार्यक्रमात हा दोष काहीसा झाकला जातो, कारण तेथे दृश्य दर चार-पाच सेकंदांनी बदलते. ख्यालगायनात तशी सोय नाही. विलंबित एकतालाचे एक आवर्तन कित्येकदा पाऊण मिनिटाहूनही अधिक चालते आणि बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार चालू असताना दृश्य तोडू नये, एवढे भान संकलकाला असतेच. त्यामुळे एकच चौकट दीर्घकाळ टिकून राहते आणि त्या शांततेत प्रत्येक धक्का उठून दिसतो. वादनाचे विद्यार्थी ही चित्रीकरणे हातांची ठेवण पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा लावतात, हेही आयोजकांनी ध्यानात घ्यावे.

‘नंतर संगणकावर स्थिर करून घेऊ’ हे आश्वासन मी अनेकदा ऐकले आहे आणि त्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. मैफलीचा प्रकाश मंद असतो. सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे २५ सुटी चित्रे घेताना शटर सहसा १/५० सेकंद उघडे राहते, कारण आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने त्या वेगाला दिव्यांची लुकलुक टळते. तेवढ्या वेळात कॅमेरा हलला, तर ती चौकट मुळातच पुसट होते. सॉफ्टवेअर चौकटी एकमेकींवर नीट बसवते, पण पुसटपणा काढू शकत नाही. परिणामी स्थिर चित्रात गायकाचा चेहरा मधूनच धूसर होतो. शिवाय या प्रक्रियेत कडा कापल्या जातात आणि मागे बसलेल्या तंबोरेवाल्यांवर पहिली कात्री चालते. कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर चित्र एका ओळीनंतर दुसरी ओळ असे वाचत असल्याने जलद कंपनांत तंबोऱ्याची सरळ दांडीसुद्धा लाटेसारखी वाकते. ते वाकणे सरळ करणे फार कठीण.

भिंगातील किंवा कॅमेऱ्यातील स्थिरीकरण हाताच्या कंपासाठी बनवलेले असते. ट्रायपॉडवर कॅमेरा सावकाश गायकाकडून सारंगीकडे वळवताना ही यंत्रणा त्या हालचालीलाच कंप समजून अडवते आणि मग चित्र उडी घेते. काही नवे कॅमेरे ट्रायपॉड ओळखतात. इतरांत ती बंद ठेवणे बरे.

म्हणून आयोजकांना माझी विनंती साधी आहे. मुख्य कॅमेऱ्याचा ट्रायपॉड शक्यतो थेट जमिनीवर उभा राहू द्यावा. प्रेक्षकांच्या डोक्यांवरून पाहण्यासाठी उंची लागणारच असेल, तर त्याला दोन मीटर लांबी-रुंदीचा वेगळा चौथरा द्यावा, जो प्रेक्षकांच्या किंवा ध्वनियंत्रणेच्या चौथऱ्याला कोठेही बांधलेला नसेल. याहून उत्तम म्हणजे ट्रायपॉड एका चौथऱ्यावर आणि चालवणारा माणूस त्याला न टेकलेल्या दुसऱ्या फळीवर. ट्रायपॉडखालचा जाड गालिचा काढून टाकावा. नाट्यगृहात सज्जाच्या पुढच्या कठड्याशी जागा देण्याचा मोह टाळावा, कारण भिंतीतून पुढे आलेल्या सज्जाची पुढची कड सर्वांत जास्त हलते. मागच्या भिंतीलगतची जागा लांब असली तरी अधिक स्थिर असते.

चित्रीकरण करणाऱ्यांकडूनही काही अपेक्षा आहेतच. ट्रायपॉडचा मधला दांडा वर चढवू नये, पाय पुरते पसरावेत आणि वाळूची पिशवी पायांवरच ठेवावी. ती अधांतरी टांगली, तर पहाटेच्या वाऱ्यात झोका घेते आणि कॅमेऱ्यालाही झोका देते. केबल एका पायाला सैल बांधावी, म्हणजे कोणी तीत अडखळले तरी ओढ कॅमेऱ्यापर्यंत जात नाही. झूम आणि फोकस हँडलवरच्या नियंत्रकाने करावे, भिंगाला हात लावू नये. मोबाइलवर टिपणाऱ्या रसिकांनी झूम न करता खांबाला टेकून टिपले, तरी पुष्कळ फरक पडतो.

वेगळ्या चौथऱ्याचा खर्च व्यासपीठावरील फुलांच्या सजावटीपेक्षा जास्त होईल, असे मला वाटत नाही. अडचण येते ती जागेची, कारण मांडवाचा आराखडा आणि खुर्च्यांचे क्रमांक ठरून गेल्यावर चित्रीकरण करणाऱ्याला बोलावले जाते आणि तोवर मधल्या वाटेशेजारची स्थिर जमीन विकली गेलेली असते. यंदा तिकीटविक्री सुरू होण्यापूर्वीच तेवढ्या चार खुर्च्या आराखड्यातून वगळाव्यात.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक, सांगली