इंग्रजी कच्चं, कारण सात वाजता घरी कोणी नसतं

संपादक साहेब, नमस्कार.

मी तासगावात घरीच पाचवी ते आठवीच्या पोरांची शिकवणी घेते, अकरा वर्षं झाली. पोरांचं इंग्रजी कच्चं का यावर जो तो एकतर शिक्षकांना नाहीतर मोबाईलला शिव्या घालतोय, म्हणून म्हटलं आपणपण लिहावं.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे माझ्याकडे आठवीचं पोरगं येतं ते सात वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं. तरी पोरांना वाचता-लिहिता किती येतं ते तपासणाऱ्या 'असर' सर्वेत २०२२ साली देशातल्या खेड्यापाड्यातल्या आठवीच्या ४६.७ टक्केच पोरांना साधी इंग्रजी वाक्यं वाचता आली. मला काही नवल वाटलं नाही, रोज बघते.

एका बागायतदाराचा मुलगा येतो, इंग्लिश मीडियम, स्कूलबस, सगळं. वडील पहिल्याच दिवशी म्हणाले, मॅडम फी सांगा, बाकी तुमचं तुम्ही बघा, आणि वर्षभर परत फिरकले नाहीत. पोरगं फाडफाड बोलतं पण चार ओळी लिही म्हटलं की 'बिकॉज' एकाच पानावर तीन तऱ्हेनं लिहितं.

दुसरी सहावीतली मुलगी, झेडपीच्या शाळेतली. आई बेदाणा शेडवर निवडायला जाते. एबीसीडी येत नाही, पण रात्री भाकरी थापताना पोरीला इंग्रजीचा धडा मोठ्यानं वाचायला लावते. मी विचारलं, तुम्हाला काय कळतं हो त्यातलं? तर म्हणाली, "कळत न्हाई बाई, पर पोरगी कुठं अडाकली ते कळतंय की. अडाकली की म्हणती, परत वाच."

आता कोणीतरी लगेच म्हणणार, बघा, गरिबी आड येत नाही, इच्छा पाहिजे. तसं अजिबात नाही हो. जानेवारीपासून द्राक्षाचा सीझन, मग मार्च-एप्रिल बेदाणा, आई घरी यायला रात्रीचे नऊ, तोवर पोरीनंच भात लावून धाकट्याला जेवू घातलेलं असतं, कसलं मोठ्यानं वाचन. आणि वार्षिक परीक्षा नेमकी तेव्हाच. सहामाहीला वर्गात पहिल्या पाचात होती, वार्षिकला इंग्रजीत कशीबशी पास. आई तीच, पोरगी तीच. बागायतदार निदान मनात आलं तर संध्याकाळी घरी बसू शकतो, हिनं बसायचं म्हणजे हजेरी बुडवायची.

आपल्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाईल बंद, दीड तास पोरं अभ्यासाला. फार चांगलं केलंय. पण आमच्याकडे सीझनमध्ये असा भोंगा वाजवला तर अर्ध्या आयांना तो शेडवरच ऐकू येणार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, जानेवारी ते एप्रिल प्रत्येक शाळेची एक खोली सात ते साडेआठ उघडी ठेवा. इंग्रजीचा तज्ज्ञ नकोय, समोर बसून मोठ्यानं वाचून घेणारं माणूस पाहिजे, रिटायर गुरुजी चालतील, कॉलेजची पोरं चालतील. लाईटबिल कोण भरणार यावर चार मिटिंगा होतील ते माहितीये. मी आठवड्यातले दोन दिवस फुकट यायला तयार आहे, चहापण नको, फक्त डासांचं तेवढं बघा.

आपली,
शिकवणीवाल्या एक बाई, तासगाव (जि. सांगली)