डीजेने वाजवलेल्या ट्रॅकलाही नाव असते

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इलेक्ट्रॉनिक संगीतावर नुकताच आलेला लेख मी आवडीने वाचला, कारण या संगीताकडे मराठी वृत्तपत्रे सहसा फिरकत नाहीत आणि फिरकलीच तर त्याला सरसकट 'पार्टी म्युझिक' म्हणून मोकळी होतात. लेखकाने निदान हाउस आणि टेक्नो या त्यातल्या दोन प्रकारांतला फरक सांगितला, याबद्दल त्यांचे आभार. मात्र अपरिचित कलाकार शोधण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही, गाणी ऐकवणाऱ्या ॲपला आपली आवड एकदा कळली की ते आपणहून नवी नावे समोर आणते, अशा आशयाचा जो दिलासा त्यांनी लेखाच्या शेवटी दिला आहे, तो मला मुळीच पटला नाही. मी बारा-तेरा वर्षे हे संगीत ऐकत आहे आणि माझ्या आवडीचे बहुतेक कलाकार मला कोणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेल्या एखाद्या नावावरून सापडलेले आहेत. ॲपने सुचवलेले त्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतील.

याचे कारण त्या यंत्रणेच्या घडणीतच आहे. शिफारशींचा मोठा भाग 'ज्यांनी हे ऐकले त्यांनी आणखी काय ऐकले' या हिशेबावर चालतो. ज्या कलाकाराला जगभर मिळून चाळीस श्रोते आहेत, त्याच्याबाबत असा हिशेब मांडायला पुरेशी माहितीच जमत नाही. माहिती नाही म्हणून तो सुचवला जात नाही आणि सुचवला जात नाही म्हणून श्रोते वाढत नाहीत. त्यात स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला की आधीच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या ट्रॅकला रॉयल्टी मिळणार नाही, म्हणजे असा ट्रॅक तिथे असूनही नसल्यासारखाच. शिवाय या संगीतातले कितीतरी ट्रॅक सुटे ऐकण्यासाठी बनवलेलेच नसतात. सुरुवातीला मिनिटभर नुसता ठेका ठेवलेला असतो, तो डीजेला आधीचा ट्रॅक त्यात मिसळता यावा म्हणून. मोबाइलवर ऐकणारा मात्र तेवढ्यात कंटाळून पुढे सरकतो आणि ॲप त्याचा अर्थ नावड असाच लावण्याची शक्यता अधिक.

म्हणून या संगीतात अनोळखी कलाकारापर्यंत नेणारा खरा वाटाड्या डीजे हाच आहे. तो तासाभरात पंधरा-वीस ट्रॅक वाजवतो आणि त्यांतले बहुतेक दुसऱ्यांनी केलेले असतात. लंडनमध्ये २०१० साली एका वेबकॅमच्या भरवशावर सुरू झालेल्या बॉयलर रूमसारख्या, डीजेंचे कार्यक्रम इंटरनेटवर दाखवणाऱ्या उपक्रमांमुळे असे सेट, म्हणजे सलग वाजवलेल्या ट्रॅकच्या मालिका, आज घरबसल्या हवे तितके ऐकायला मिळतात. ऐकायला वानवा नाही. जे ऐकले ते कोणाचे, हे कळण्याची वानवा आहे.

माझाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी साउंडक्लाउड या कोणालाही आपले संगीत चढवता येणाऱ्या संकेतस्थळावर मी एका डीजेचा सत्तर मिनिटांचा सेट ऐकत होतो. त्यात ४३व्या मिनिटाला चाललेला सरळ ठेका एकाएकी तुटतो, लाकडावर काठी मारल्यासारखा कोरडा आवाज तिरक्या लयीत सुरू होतो आणि त्यावर एका बाईच्या आवाजाचा चारच अक्षरांचा तुकडा मागेपुढे सरकत राहतो. ट्रॅक ओळखणारे ॲप मी तीनदा लावले. एकदा काहीच हाती आले नाही आणि दोनदा दोन वेगळीच गाणी आली, दोन्ही चुकीची. ही ॲप्स आवाजातले ठळक स्वर कोणत्या क्षणी येतात याचा ठसा घेऊन तो आपल्या साठ्याशी ताडून पाहतात. डीजेने ट्रॅकचा वेग थोडा वाढवला आणि वर दुसरा ट्रॅक चढवला की तो ठसा फिसकटतो. साठ्यातच नसलेला ट्रॅक तर त्यांना सापडणे शक्यच नाही. साउंडक्लाउडवर आवाजाच्या आलेखावर नेमक्या हव्या त्या क्षणी शेरा लिहिता येतो. त्या ४३व्या मिनिटाखाली माझ्याआधी चौघांनी 'ट्रॅक आयडी?', म्हणजे 'हा ट्रॅक कोणता?', असे विचारून ठेवले होते. उत्तर एकालाही मिळालेले नव्हते. डीजेने यादी दिली नव्हती आणि मी पाठवलेल्या निरोपालाही उत्तर आले नाही. तो ट्रॅक मला आजतागायत सापडलेला नाही.

पण त्या शेऱ्यांच्या खाली कोणीतरी केवळ अंदाजाने 'लिस्बनचे वाटते' असे दोन शब्द लिहिले होते. त्या दोन शब्दांचा धागा धरून मी लिस्बनच्या प्रिन्सिपी या लेबलपर्यंत, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या कंपनीपर्यंत, पोचलो. अंगोला, केप व्हर्द, साओ तोमे येथून पोर्तुगालमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांतली तरुण मुले शहराच्या कडेच्या वस्त्यांत घरच्या कॉम्प्युटरवर जे नृत्यसंगीत बनवत होती, ते या लेबलने रेकॉर्डवर आणले आणि त्यांची वेष्टनेही हाताने रंगवली. डीजे मार्फॉक्स, निडिया, डीजे लायकॉक्स ही नावे मला तिथे मिळाली. पुढे लंडनच्या एनटीएस या २०११ साली सुरू झालेल्या इंटरनेट रेडिओवर एका कार्यक्रमाखाली दिलेल्या यादीत प्रिन्सिपीच्या एका ट्रॅकला लागूनच युगांडातील कंपाला येथल्या न्येगे न्येगे टेप्स या लेबलचे नाव दिसले, आणि त्यांनी २०१७ साली काढलेल्या संग्रहामुळे टांझानियातील दार-ए-सलामच्या सिंगेली या प्रकाराशी ओळख झाली. हाउसचा वेग साधारणपणे मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांचा असतो. सिंगेली २००च्याही पुढे धावते. पहिल्यांदा ऐकताना फाइलच बिघडली आहे असे वाटून मी ती दोनदा बंद करून पुन्हा लावली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. ज्या आवडीचा माझ्या आधीच्या ऐकण्यात मागमूसही नव्हता, ती कोणत्या ॲपने कशाच्या आधारे ओळखली असती?

एक नाव हाती लागले की पुढची वाट फारशी अवघड नसते. डिस्कॉग्स हे २००० साली सुरू झालेले संकेतस्थळ आज सगळ्या प्रकारच्या रेकॉर्डची नोंद ठेवते, पण त्याची सुरुवात केवळ इलेक्ट्रॉनिक संगीताच्या सूचीने झाली होती, आणि ते स्वाभाविकही होते, कारण सूचीची सर्वाधिक निकड याच संगीताला होती. इथे एकच माणूस अनेक नावांनी वावरतो. रिचर्ड जेम्स हा ब्रिटिश संगीतकारच अफेक्स ट्विन आहे, एएफएक्स आहे आणि पॉलिगॉन विंडोही आहे. रेकॉर्डच्या पानावर लेबल, रीमिक्स करणारा (ट्रॅक नव्याने बांधणारा), मास्टरिंग करणारा (आवाजावर शेवटचा हात फिरवणारा) अशी नावे दिलेली असतात आणि त्यांतल्या कोणत्याही नावावरून त्या व्यक्तीच्या बाकीच्या कामाकडे जाता येते. माझ्या मते यांत लेबलचे नाव सर्वांत उपयोगाचे, काही वेळा कलाकाराच्या नावाहूनही अधिक. छोटे लेबल म्हणजे बहुधा एखाद-दुसऱ्या व्यक्तीचा कान असतो, आणि तो कान आपल्या कानाशी जुळला की त्याने निवडलेले अनोळखी कलाकार डोळे मिटून ऐकावेत.

यावर डीजे मंडळींचे म्हणणे काय असते, तेही मला ठाऊक आहे. नावे लपवण्याला या धंद्यात जुनी परंपरा आहे. जमैकात साउंड सिस्टिमवाले, म्हणजे मोठे स्पीकर लावून नाच भरवणारे, प्रतिस्पर्ध्याला सुगावा लागू नये म्हणून रेकॉर्डवरची नावाची छापील चकती खरवडून काढत. इंग्लंडच्या उत्तर भागात सोल हे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे संगीत वाजवणारे डीजे त्या चकतीवर कागद चिकटवून ट्रॅकला खोटे नावही देत. तेव्हा रेकॉर्डची एखादीच प्रत हाती असे आणि ती ज्याच्याकडे असेल त्याचे दुकान त्या प्रतीवर चाले, त्यामुळे ती लपवाछपवी मी समजू शकतो. अजून प्रसिद्ध न झालेला ट्रॅक असेल तर आजही नाव न सांगणे रास्तच आहे. पण ज्याची फाइल कोणीही दोन मिनिटांत विकत घेऊ शकतो, त्या ट्रॅकचे नाव दडवून डीजेच्या पदरात काय पडते? नुकसान होते ते फक्त तो ट्रॅक करणाऱ्याचे. काही कलाकार स्वतःच पडद्याआड राहतात, हे खरे. डेट्रॉइटचे ड्रेक्सिया हे द्वय मुलाखती आणि छायाचित्रे यांपासून कटाक्षाने दूर राहिले. पण त्यांनी झाकला तो चेहरा. रेकॉर्डवर ड्रेक्सिया हे नाव ठळक होते आणि त्यामुळेच लोक त्यांच्यापर्यंत पोचले.

नाव छापलेले असणे किती दूरवर पोचते, याचे चरणजित सिंग यांच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नसेल. हिंदी चित्रपटसृष्टीत वादक म्हणून काम करणाऱ्या सिंग यांनी १९८२ साली रोलंड कंपनीच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या इलेक्ट्रॉनिक स्वर-ठेका यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून एक रेकॉर्ड केली. ती खपली नाही. वीस वर्षांनी, २००२ मध्ये, एका डच संग्राहकाला ती भारतात सापडली, वेष्टनावरच्या नावावरून त्याने सिंग यांचा माग काढला आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली. २०१५ मध्ये निधन होण्यापूर्वी, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांना युरोपात कार्यक्रम करता आले. सिंग हेच ॲसिड हाउसचे (टीबी-३०३च्या पिळवटलेल्या आवाजावर उभ्या हाउसच्या उपप्रकाराचे) जनक, असा जो गाजावाजा तेव्हा झाला तो मला अतिशयोक्तीचा वाटतो. शिकागोच्या फ्यूचर या गटाने १९८७ साली त्याच टीबी-३०३वर जे केले, ते स्वतंत्रपणे केले. पण जनकत्वाचा वाद बाजूला ठेवला तरी मूळ रेकॉर्ड कोऱ्या वेष्टनात असती तर आज तो वाद घालायलाही कोणी नसते.

पैशांचा भागही यातच येतो. बँडकॅम्प या कलाकारांकडून थेट संगीत विकत घेण्याच्या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के संकेतस्थळ ठेवते आणि व्यवहाराचा खर्च वजा जाता उरलेले कलाकाराला किंवा लेबलला मिळतात; चाळीस श्रोत्यांपैकी दहांनी अल्बम घेतला तरी त्याला काही अर्थ असतो. तिथे अल्बम घेणाऱ्यांची छोटी चित्रे पानावर दिसतात, आणि त्यांतल्या एखाद्यावर बोट ठेवले की त्याने आणखी काय काय घेतले आहे ते समोर येते. माझ्या नव्या शोधांपैकी निम्मे अलीकडे असेच, अनोळखी माणसांच्या संग्रहात डोकावून, झाले आहेत. परंतु याच संकेतस्थळाची मालकी २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोनदा बदलली आणि दुसऱ्या वेळी जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांना काम गमवावे लागले. त्यामुळे नावे एकाच कंपनीच्या भिंतीवर लिहिलेली असून भागत नाही, ती इतरत्रही नोंदली गेली पाहिजेत.

येथे आपल्या वृत्तपत्राचा संबंध येतो. डीजेंच्या कार्यक्रमांचे वृत्तांत आपण अधूनमधून छापता. त्यांत तरुणाई थिरकल्याचा उल्लेख हमखास असतो, पण कशावर थिरकली ते कधीच नसते. अशा वृत्तांताखाली चार-पाच ओळींची एक चौकट द्यावी आणि त्या रात्री वाजलेल्यांपैकी निदान तीन ट्रॅकची नावे, ते करणारे कलाकार आणि त्यांची लेबले डीजेला विचारून तीत छापावीत, अशी माझी विनंती आहे. डीजेने सांगायला नकार दिला तर तसेही छापावे. नावांसोबत मूळ स्पेलिंगही द्यावे, कारण देवनागरीत 'निडिया' लिहून शोधणाऱ्याला ती कलाकार सापडेलच असे नाही. या पत्रात मी सगळी नावे देवनागरीत लिहिली आहेत. त्यांची स्पेलिंगे पत्राशेजारी देण्याइतकी जागा निघत असेल तर सुरुवात तिथूनच करावी.

आपला,
एक नियमित वाचक