‘नव्याने उतरवलेला’ म्हणून विकलेला ब्लूज संच जुन्या सीडीवरून काढल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, मुंबई कार्यालय

विषय : चार सीडींच्या ब्लूज संचाची दिशाभूल करणारी जाहिरात आणि रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

अमेरिकेतील मिसिसिपी डेल्टा भागातील ब्लूज (तिथल्या कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत) गायकांच्या १९२९ ते १९३१ या काळातील ध्वनिमुद्रणांचा आपण काढलेला चार सीडींचा संच मी १२ ऑगस्ट रोजी ३,८५० रुपये भरून मागवला आणि तो मला २१ ऑगस्टला पुण्यात मिळाला. पावतीची प्रत सोबत जोडली आहे. पार्सल वेळेवर आले आणि सीडी विनातक्रार वाजतात, तेव्हा त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. संचाच्या वेष्टनावर आणि आपल्या जाहिरातीत तीन दावे छापलेले आहेत : ध्वनिमुद्रणे मूळ ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांवरून नव्याने उतरवली आहेत, प्रत्येक बाजूचा वेग स्वतंत्रपणे तपासून दुरुस्त केला आहे आणि संच संपूर्ण आहे. हे तिन्ही दावे खोटे आहेत, अशी माझी तक्रार आहे.

याआधी मी दोन ई-मेल पाठवले. त्यांवर आपल्या विभागाकडून ‘जुन्या रेकॉर्डमध्ये खरखर असणारच’ आणि ‘सील उघडल्यामुळे संच परत घेता येत नाही’ अशी दोन उत्तरे आली. सीडी न उघडता ती ऐकायची कशी, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. परंतु पहिले उत्तर वाचून माझा ई-मेल कोणी वाचलाच नाही अशी माझी खात्री झाली, कारण खरखर आहे अशी तक्रार मी केलीच नव्हती. ती पुसून टाकली आहे आणि तिच्याबरोबर गाणेही पुसले गेले आहे, असे मी लिहिले होते. म्हणून आता सविस्तर लिहितो.

या ध्वनिमुद्रणांची स्थिती काय आहे, हे आपल्याला ठाऊक असेलच. ती ज्या पॅरामाउंट कंपनीने काढली, ते लेबल अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्याचे होते. कारखाना ग्रामोफोनची लाकडी कपाटेही करीत असे, आणि कपाटे खपायची तर वाजवायला काहीतरी हवे, म्हणून तबकड्या निघाल्या. मंदीच्या तडाख्यात १९३२मध्ये तिथले ध्वनिमुद्रण थांबले आणि तबकड्यांचे धातूचे साचे पुढे जवळजवळ सगळे नाहीसे झाले. त्यामुळे चार्ली पॅटन, सन हाऊस किंवा स्किप जेम्स हे या संचातले गायक आज ऐकायचे तर संग्राहकांकडे उरलेल्या, झिजलेल्या, क्वचित तडे गेलेल्या तबकड्यांवरूनच ऐकावे लागतात. काही गाण्यांच्या तर एक-दोनच प्रती शिल्लक आहेत. म्हणूनच त्या कोणी, कोणत्या सुईने, कोणत्या वेगाने उतरवून घेतल्या याला इतके महत्त्व आहे.

आपल्या देशातील सध्याच्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९३१ सालच्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणाच्या हक्कापोटी आपल्याला येथे कोणालाही मानधन द्यावे लागलेले नाही, आणि त्याबद्दल माझी काही हरकतही नाही. उलट, हक्कांच्या जंजाळात अडकून कपाटात पडलेले संगीत अशा वाटेने बाहेर येत असेल तर चांगलेच आहे. मात्र मग ३,८५० रुपये ग्राहक कशाचे देतो? चांगली प्रत मिळवण्याचे, ती नीट उतरवण्याचे, तिचा वेग ठरवण्याचे आणि तिच्याबद्दल खरी माहिती छापण्याचे देतो. यातले एकही काम या संचासाठी झालेले नाही.

माझ्याकडे यातील बरीचशी गाणी एका परदेशी कंपनीने १९९०च्या दशकात काढलेल्या आणि आता बाजारात न मिळणाऱ्या सीडींवर आहेत. पहिल्यांदा आपला संच ऐकताना मला जुनेच ओरखडे जुन्याच जागी ऐकू आले. एवढ्यावरून मी आरोप केला नसता, कारण एकच प्रत उरली असेल तर ती पुन्हा उतरवली तरी ओरखडा तोच राहणार. मात्र एका गाण्याच्या शेवटी तार विरत जाण्याआधीच आवाज तोडलेला आहे, आणि तो दोन्हीकडे नेमक्या त्याच ठिकाणी तुटतो. हा तबकडीचा दोष नव्हे, तो उतरवणाऱ्याच्या हाताचा दोष आहे.

म्हणून मी दोन्ही सीडींवरचे एकेक गाणे संगणकावर घेतले, ऑडॅसिटी या मोफत मिळणाऱ्या प्रणालीत आवाजाची पातळी जुळवली, त्यांतील एकाचा तरंग उलटा केला आणि दोन्ही एकत्र वाजवले. असे केले की दोन्हींत जे तंतोतंत सारखे असते ते एकमेकांना खोडते आणि फक्त फरक ऐकू येतो. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या यंत्रांवर उतरवलेली दोन ध्वनिमुद्रणे असती तर वेगातल्या सूक्ष्म फरकामुळे ती काही क्षणांतच एकमेकांपासून सरकली असती. येथे तसे झाले नाही. तपासलेल्या अकराही गाण्यांत ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकमेकांना खोडत गेली आणि उरली ती फक्त खरखर, म्हणजे आपण जुन्या सीडीतून जे गाळून टाकले तेवढेच. त्या उरलेल्या आवाजात बोटांनी तार छेडल्याचा टणत्कार आणि गायकाची ‘स’, ‘श’, ‘च’ ही व्यंजने स्पष्ट ऐकू येतात. पॅटनचे शब्द मुळातच घशात अडकल्यासारखे येतात आणि त्याचे चाहते ते वर्षानुवर्षे कान देऊन उकलत आले आहेत. आपल्या संचात ते उकलण्याची सोयच उरलेली नाही. रजईखालून कोणी गात असावे असे वाटते.

आता वेगाबद्दल. त्या काळचे ध्वनिमुद्रणाचे यंत्र दर वेळी बरोबर ७८च्याच गतीने फिरत असे नाही, आणि वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला तर पट्टी जवळजवळ एका अर्धस्वराने चढते किंवा उतरते. ‘प्रत्येक बाजूचा वेग दुरुस्त केला’ हा दावा त्यामुळेच मोलाचा आहे. मी संच घेतला तो मुख्यतः त्यासाठी. या संचातील तीन गाणी तडा गेलेल्या तबकड्यांवरची आहेत. तडा दर फेरीला एकदा सुईखालून जातो, म्हणून त्याची टकटक मोजली की तबकडी कोणत्या वेगाने वाजवली ते कळते. तिन्ही गाण्यांत ही टकटक ०.७७ सेकंदाच्या अंतराने, म्हणजे मिनिटाला बरोबर ७८ वेळा येते. तीन वेगवेगळ्या तबकड्यांचा स्वतंत्रपणे ठरवलेला वेग योगायोगाने नेमका सारखाच निघाला, असे आपले म्हणणे असेल तर तो वेग कसा ठरवला हे लेखी कळवावे.

‘संपूर्ण’ या शब्दाचीही तीच गत आहे. मे १९३०मध्ये पॅरामाउंटच्या विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टन येथील स्टुडिओत पॅटनबरोबर सन हाऊस, विली ब्राऊन आणि लुईझ जॉन्सन यांनी केलेली ध्वनिमुद्रणे या संचाचा गाभा आहेत. त्यांपैकी विली ब्राऊनची १३०९९ क्रमांकाची तबकडी आजवर कोणालाही सापडलेली नाही. ती आपल्याकडे नाही यात आपला दोष नाही, पण तिचा उल्लेखसुद्धा नसावा? त्याहून बोलकी गोष्ट सन हाऊसच्या तबकडीची आहे. बराच काळ बेपत्ता असलेल्या त्याच्या एका तबकडीच्या दोन्ही बाजू २००६मध्ये प्रथमच सर्वांना सीडीवर ऐकायला मिळाल्या. आपल्या ‘संपूर्ण’ संचात त्या दोन्ही नाहीत. १९९०च्या दशकातील सीडीवर त्या असणे शक्यच नव्हते, आणि जे तिथे नव्हते ते आपल्याकडेही आले नाही.

पुस्तिकेबद्दल थोडक्यात लिहितो. स्किप जेम्सचे ध्वनिमुद्रण १९३०मध्ये शिकागोत झाल्याचे छापले आहे. ते फेब्रुवारी १९३१मध्ये ग्राफ्टनला झाले. पॅटनचे जून १९२९मधले पहिले सत्र ग्राफ्टनचे म्हणून दिले आहे. ते इंडियाना राज्यातील रिचमंड येथे झाले. मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रण ओळखण्यासाठी कंपनी देत असे तो क्रमांक, एकाही गाण्याला दिलेला नाही.

यावर माझ्या मागण्या अशा आहेत. मी भरलेली पूर्ण रक्कम परत मिळावी आणि संच परत नेण्याचा खर्च आपण करावा. ‘नव्याने उतरवलेला’, ‘वेग दुरुस्त केलेला’ आणि ‘संपूर्ण’ हे शब्द जाहिरातीतून काढावेत, आणि उरलेल्या संचांवर मूळ स्रोत कोणता हे स्पष्ट लिहिलेली पट्टी चिकटवावी. संच जुन्या सीडीवरून घेतला आहे असे सांगून तो निम्म्या किमतीत विकला असता, तर कदाचित मी तो तक्रार न करता घेतला असता, कारण त्या सीडी आता मिळत नाहीत. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने १९८७मध्ये फोकवेज हे लोकसंगीताचे लेबल ताब्यात घेतले ते त्यातले एकही ध्वनिमुद्रण बाजारातून नाहीसे होऊ देणार नाही या अटीवर, आणि ज्या गाण्यांना वर्षाकाठी मोजकेच गिऱ्हाईक मिळते त्यांच्या प्रतीही तिथे मागणीनुसार काढून दिल्या गेल्या आहेत. आपणही जे दुर्मीळ झाले आहे ते तसेच, त्याची खरी ओळख देऊन पुरवावे, खरखरीसकट पुरवावे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा यांबद्दल पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. पावती, दोन्ही ई-मेल, त्यांची उत्तरे आणि अकरा गाण्यांच्या तुलनेच्या ध्वनिफिती असलेला पेन ड्राइव्ह सोबत जोडला आहे. त्यातली तिसऱ्या क्रमांकाची फीत आपल्या तंत्रज्ञांनी अवश्य ऐकावी. आपण गाळून टाकलेला पॅटन तिथे सर्वांत स्पष्ट ऐकू येतो.

पुस्तिकेच्या समासात मी पेन्सिलीने दुरुस्त्या केल्या आहेत. संच परत घेताना पुस्तिका खराब झाली असे कारण देऊन रक्कम कापू नये, ही विनंती.

आपला,
(सही)
पुणे