गाझीची फक्त शेवटची रात्र नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी नौदल दिन जवळ आला की पाकिस्तानच्या गाझी पाणबुडीवर लेख येतात आणि सगळे त्या एकाच रात्रीवर, ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या मधली रात्र, विशाखापट्टणमसमोर गाझी बुडाली, संपलं. पण तिचं आधीचं २६ वर्षांचं आयुष्य कळल्याशिवाय ती तिथे आली कशी हेच कळत नाही, म्हणून हे पत्र.

गाझी मुळात अमेरिकन, नाव डायब्लो. पोर्ट्समथच्या नेव्ही यार्डात बांधली, डिसेंबर १९४४ ला पाण्यात उतरली, मार्च १९४५ ला नौदलात दाखल झाली. ऑगस्टमध्ये पर्ल हार्बरहून पहिल्या गस्तीवर निघाली आणि वाटेतच जपानशी युद्ध संपलं, म्हणजे ज्या लढाईसाठी बांधली ती तिच्या वाट्याला आलीच नाही. १९६४ ला अमेरिकेने ती पाकिस्तानला लीजवर दिली. तेव्हा आपल्याकडे एकही पाणबुडी नव्हती हो, आपली पहिली कलवरी नौदलात दाखल झाली डिसेंबर १९६७ ला, त्यामुळे १९६५ च्या युद्धात या एका बोटीची धास्ती किती असेल विचार करा. त्या युद्धात तिने आपलं ब्रह्मपुत्रा जहाज बुडवलं असं पाकिस्तानने सांगितलं, ब्रह्मपुत्रा मात्र धडधाकट होतं.

नंतर टर्कीत मोठी दुरुस्ती झाली आणि सुएझ बंद म्हणून तिला आफ्रिकेला वळसा घालून जावं लागलं. १९७१ मध्ये पाकिस्तानकडे फ्रान्सच्या नव्या पाणबुड्या होत्या, पण कराचीहून बंगालच्या उपसागरात जाऊन आपल्या तेव्हाच्या विमानवाहू नौकेला, विक्रांतला, गाठण्याइतका पल्ला फक्त या म्हाताऱ्या गाझीचा होता म्हणून ती गेली, १४ नोव्हेंबरला. विक्रांत तोवर अंदमानला हलवलेली होती.

ती कशाने बुडाली यावर अजून वाद आहे. आपलं नौदल म्हणतं आपल्या राजपूत या विनाशिकेने टाकलेल्या डेप्थ चार्जने, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बने, पाकिस्तान म्हणतं स्वतःच पेरलेल्या सुरुंगाने, काहीजण बॅटऱ्या चार्ज करताना निघणाऱ्या हायड्रोजनचा स्फोट मानतात. लेखात तिन्ही बाजू याव्यात, आत नव्वदच्या आसपास माणसं होती, एकही वाचला नाही.

आणि एक गोष्ट मी कुठेच वाचली नाही. राजपूत म्हणजे ब्रिटिशांची रॉदरहॅम, १९४२ ला पाण्यात उतरलेली. विक्रांत म्हणजे हर्क्युलिस, १९४५ ची. गाझी धरून तिन्ही दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतलेल्याच. राजपूत भंगारात गेली, विक्रांतचं मुंबईत म्युझियम होतं ते मी मुलांना दाखवलं होतं आणि २०१४ मध्ये तीही इथेच मुंबईच्या दारूखाना भागात तोडायला घेतली, फार वाईट वाटलं होतं. तिघींपैकी गाझीच तेवढी अजून विशाखापट्टणमच्या समुद्रात तळाशी पडून आहे. पुढच्या डिसेंबरला कुणाकडून तरी या तिघींवर एक पानभर लिहून घ्या ना, फोटोंसकट.

– आपला एक जुना वाचक, डोंबिवली