गिरकी आणि चेंडूचं गणित

संपादक महोदय,

आधुनिक सर्कशीत जगलिंग (चेंडू हवेत फेकत-झेलत राहण्याची कला) आणि समकालीन नृत्य एकत्र आलं की ‘चेंडू घेऊन नाच’ म्हणून त्याची बोळवण होते. लंडनची ‘गँडिनी जगलिंग’ ही मंडळी १९९२पासून हा मेळ घालताहेत. तो इतका सोपा नाही.

हातापासून एक मीटर वर गेलेला चेंडू परत यायला सुमारे ०.९ सेकंद लागतात. तेवढ्यात पूर्ण गिरकी घेतली तर ती धडपड दिसते. वेळ दुप्पट हवा तर उंची चौपट! चार मीटरवर चेंडू दिव्यांच्या झोतात दिसेनासा होतो. त्यामुळे दोन मीटरच्या फेकीत, सव्वा सेकंदात गिरकी बसवावी लागते.

खरी गफलत पावलांत होते. चालताना फेकलेला चेंडू अंगाचा वेग घेऊनच उडतो. फेकून नर्तक थबकला की चेंडू त्याच्या पुढे पडतो आणि तो बिचारा हात सुधारत बसतो. आधी एकाच चेंडूवर पाऊल पक्कं करावं, मग तीन घ्यावेत. सरावाला दाणे भरलेले कापडी चेंडू बरे, पडले तरी घरंगळत नाहीत.

– एक वाचक