माझी चाल घरात मोजा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मला पार्किन्सन होऊन अकरा वर्षे झाली. हे पत्र मी तीन सकाळी थोडे थोडे करून लिहिले आहे, कारण गोळीचा असर उतरू लागला की अक्षर बारीक होत जाते आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून माझे मलाच वाचता येत नाही.

गेल्या वर्षी अपंगत्वाच्या दाखल्यासाठी माझी तपासणी झाली. मला खुर्चीवरून उठायला, भिंतीपर्यंत चालायला, वळून परत यायला सांगितले. मी नीट चाललो. "तुम्ही तर छान चालता," असे तपासणारे म्हणाले आणि कागदावर तसेच नोंदवले गेले. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात माझे पाय जमिनीला चिकटले. धड पुढे गेले, पाय मागेच राहिले, मी कोसळलो आणि मनगट मोडले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सकाळचे चालणे सोंग नव्हते आणि संध्याकाळचे पडणेही नव्हते. तपासणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्या हातातला तक्ता एका खोलीतल्या पाच मिनिटांपुरताच होता. तो तक्ता आपण बदलू शकता.

पाय चिकटण्याच्या या प्रकाराला 'फ्रीजिंग' म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की माणूस थांबला. आतून तसे नसते. मला पुढे जायचे असते, मनात पाऊल उचलून झालेले असते, टाचा वर येऊन थरथरत असतात, पण तळवे सुटत नाहीत. कोणी मदत म्हणून हात धरून ओढले तर तोल आणखी जातो. हे बहुतेक अरुंद दारात होते, वळताना होते, हातात भरलेला कप असताना होते, मागून कोणी हाक मारली की होते. तपासणीच्या खोलीत यातले काहीच नसते. तिथे मोकळी जागा असते, गोळी वेळेवर घेतलेली असते, आणि सगळे आपल्याकडे पाहत असल्यामुळे प्रत्येक पावलावर लक्ष एकवटलेले असते. फ्रीजिंग दवाखान्यात सहसा दिसत नाही, हे या विषयातल्या संशोधकांना चांगले माहीत आहे.

यामागचे कारणही बरेचसे उलगडले आहे. मेंदूतल्या डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि जे चालणे निरोगी माणसाकडून आपोआप होते, ते आम्हाला लक्ष देऊन करावे लागते. लक्ष बोलण्याकडे वळले की पाऊल आखडते. ऑस्ट्रेलियात मेग मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात दाखवून दिले की आमच्या चालीतला मूळ बिघाड पावलाच्या लांबीत आहे, आणि जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या तर ती लांबी पुष्कळशी परत येते. माझ्या दारापुढे आता रंगीत चिकटपट्ट्या आहेत, पट्टी ओलांडायची म्हटली की पाय उचलतो. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 2010 मध्ये एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली होती. त्याला न पडता चार पावले टाकता येत नव्हती, पण तो सायकल मात्र व्यवस्थित चालवत होता. तेव्हा 'चालता येते की नाही' हा प्रश्नच आम्हाला लागू पडत नाही. केव्हा, कुठे, काय करत असताना, गोळीनंतर किती वेळाने, हे विचारायला हवे.

मोजण्याची साधने नाहीत असेही नाही. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालणे, वळणे आणि परत येऊन बसणे याला किती सेकंद लागतात, ही जुनी चाचणी उपयोगी आहेच. पण ती एका क्षणाचे चित्र देते. पार्किन्सन मोजण्याची जी पद्धत 2008 मध्ये सुधारून मांडली गेली, तिच्यात रोजच्या जगण्याचा वेगळा भाग आहे. कपडे घालणे, अंथरुणात कूस बदलणे, घास तोंडापर्यंत नेणे, लिहिणे यांची चौकशी त्यात होते. कूस बदलता न आल्यामुळे रात्र रात्र एकाच अंगावर पडून राहणे काय असते, ते आमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. सरकारी तक्त्यात त्याला जागा नाही. युरोपात 2019 पासून 'मोबिलाइज-डी' या प्रकल्पात कमरेला लहानसा सेन्सर बांधून लोकांचे रोजचे, स्वतःच्या वातावरणातले चालणे मोजले गेले. असे काम आपल्या खर्चाने, आपल्या रुग्णांच्या घरांत व्हायला हवे.

आणि केवळ मोजून भागणार नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत पार्किन्सन असलेल्या दहापैकी सुमारे सहा जण पडल्याचे आढळले आहे, त्यांतले बरेच पुन्हा पुन्हा पडतात. गोळीने हात हलका होतो, पण तोल फारसा सुधारत नाही. त्यासाठी व्यायाम लागतो. 2012 मध्ये 195 रुग्णांवरच्या अभ्यासात 24 आठवडे 'ताई ची' हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम करणारे लोक नुसते स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा कमी पडले. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फिजिओथेरपिस्ट 153 रुग्णांच्या घरी गेले आणि ठेक्याच्या, खुणांच्या आधाराने चालायला शिकवले. तीन आठवड्यांत चाल सुधारली. शिकवणे थांबले आणि पुढच्या सहा आठवड्यांत तो फायदा बराचसा ओसरला. माझ्याही बाबतीत हेच झाले. मोजकी सत्रे मंजूर झाली, मी सरळ चालू लागलो, सत्रे संपली, मी पुन्हा वाकलो. मधुमेह्याला तीन आठवडे इन्सुलिन देऊन 'झाले' असे कोणी म्हणत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये जगात 85 लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता, आणि 25 वर्षांत हे प्रमाण दुप्पट झाले. म्हणून माझी मागणी माझ्या एकट्याच्या दाखल्याची नाही. तपासणी एकदा गोळीच्या असरात आणि एकदा असर उतरल्यावर व्हावी, शक्य असेल तिथे घरी व्हावी. फिजिओथेरपी औषधासारखी अखंड मिळावी. संशोधनाला पैसा देताना काय मोजायचे ते ठरवणाऱ्या समितीत शुभार्थी आणि शुभंकर दोघेही असावेत. आम्ही रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतो.

माझी शुभंकर म्हणजे माझी पत्नी. चार वर्षे ती एक वही लिहिते आहे. गोळी किती वाजता घेतली, असर केव्हा चढला, केव्हा उतरला, कुठे अडकलो, कुठे पडलो, सगळे तारीखवार आहे. तपासणीच्या दिवशी ती वही तिच्या मांडीवर होती. तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता, म्हणून ती कोणी उघडली नाही. आपल्या खात्याला ती हवी असेल तर आम्ही तिची प्रत द्यायला तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक शुभार्थी