डाकोटा म्हणून विकलेला पत्रा, फुटलेला अल्टिमीटर आणि "तिथे कोण ओळखणार आहे?" हे उत्तर यांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व तक्रार निवारण विभाग

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्रातील पर्यवेक्षकांनी आज दुपारी माझ्याशी बोलणे संपवताना जे वाक्य उच्चारले, त्यानंतर पुन्हा फोन लावण्यात काही अर्थ उरलेला नाही. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवीत आहे आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवीत आहे. जुन्या विमानांचे सुटे भाग विकणे हाच आपला धंदा असल्यामुळे आपला माल आपण ओळखता, असे मी गृहीत धरतो.

"डाकोटा विमानाच्या बाह्यांगाचा अस्सल तुकडा, प्रमाणपत्रासह" आणि "डाकोटाच्या कॉकपिटमधील अल्टिमीटर, मूळ अवस्थेत" या दोन वस्तूंचे मिळून १८,५०० रुपये आपण माझ्याकडून आगाऊ घेतले. डाकोटा म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले डग्लस कंपनीचे अमेरिकी विमान आणि अल्टिमीटर म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणारे त्यातले यंत्र. पावतीची प्रत जोडली आहे.

पत्र्याविषयी आधी लिहितो. तो तळहाताहून थोडा मोठा असून त्यावर एका रांगेत सहा रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या मेखा, आहेत आणि सहाच्या सहा पॉप रिव्हेट आहेत. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून निवृत्त झालो असून भरीव रिव्हेट आणि पॉप रिव्हेट यांतला फरक पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवण्यात माझी नोकरी गेली. डाकोटाचा पत्रा भरीव रिव्हेटांनी जोडलेला असतो. बाहेरून एकाने ठोकायचे आणि आतून दुसऱ्याने पोलादी ठोकळा दाबून धरून रिव्हेटचे शेपूट चेपायचे, असे ते दोन माणसांचे काम असते. पॉप रिव्हेट एकटा माणूस एकाच बाजूने ओढून बसवतो आणि ओढताना तुटलेल्या काडीचा तुकडा त्याच्या पोटात राहतो. आपण पाठवलेल्या पत्र्याला चुंबक चिकटत नाही, म्हणजे तो ॲल्युमिनियमचा आहे, त्याबद्दल आभार. परंतु प्रत्येक रिव्हेटच्या मधोमध चुंबक टिचकन बसतो, कारण आतली काडी पोलादाची आहे.

त्यानंतर मी मागच्या बाजूचा राखाडी रंग कडेने थोडासा काढून पाहिला. त्या काळच्या अमेरिकी विमानांच्या पत्र्याला आतून झिंक क्रोमेट या गंजरोधक रंगाचा पिवळट हिरवा थर देत असत आणि नशीब बरे असेल तर त्यावर 'अल्क्लॅड' अशी, म्हणजे विमानाच्या ॲल्युमिनियम पत्र्याच्या व्यापारी नावाची, शाईची पुसट अक्षरेही सापडतात. क्रोमेटची भुकटी श्वासात जाणे घातक असते, म्हणून मी तोंडाला फडके बांधून आणि पत्रा ओला ठेवून हे काम केले. एवढी काळजी घेण्याचे कारणच नव्हते. राखाडी रंगाखालून लाल रंग निघाला. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, पॉप रिव्हेट मारलेले आणि लाल रंगाचे कोणते वाहन महाराष्ट्राच्या गावोगावी वर्षानुवर्षे फिरत आले आहे, हे मी आपल्याला सांगायला नको. मी कोणताही आरोप करीत नाही. एसटीच्या हिंगणा कार्यशाळेत बांधलेल्या गाड्या आमच्या फाट्यावर थांबत आल्या आहेत आणि त्यांपैकी एकीनेही उड्डाण केल्याचे ऐकिवात नाही, एवढेच नोंदवून ठेवतो.

आता प्रमाणपत्र. जाड कागद, सोनेरी कडा, खाली एक फर्राटेदार सही. विमानाच्या नोंदणी क्रमांकापुढे "व्हीटी-" इतकेच छापले आहे आणि पुढे काही नाही. व्हीटी ही अक्षरे भारतात नोंदलेल्या प्रत्येक नागरी विमानावर असतात आणि विमान कोणते हे त्यापुढच्या तीन अक्षरांवरून कळते, ही गोष्ट आपल्या छापखान्याला माहीत नसली तरी आपल्याला माहीत असणार. कारखान्याचा अनुक्रमांक लिहिण्याची जागा कोरी आहे. निर्मितीचे वर्ष मात्र ठामपणे १९५३ असे दिले आहे. डग्लस कंपनीच्या कारखान्यातून १९४६ नंतर नवा डाकोटा बाहेर पडलेला नाही. १९५३ हे आठ खाजगी कंपन्यांच्या विलीनीकरणातून इंडियन एअरलाइन्स उभी राहिल्याचे वर्ष आहे. ते कोठेतरी वाचून कोणीतरी विमानाच्या जन्मतारखेच्या रकान्यात टाकले, याखेरीज दुसरा खुलासा मला सुचत नाही.

अशा वस्तूची किंमत धातूची नसते; धातू भंगारवालाही किलोने देतो. किंमत असते ती हा तुकडा कोणत्या विमानाचा, ते कोठे उडाले, कधी मोडीत निघाले आणि तेथून तो कोणाच्या हातून कोणाकडे आला या नोंदीची. सातबारा न दाखवता कोणी शेत विकू लागला तर आमच्याकडे त्याला चहासुद्धा विचारत नाहीत. आपण मात्र कोरा सातबारा सोनेरी कडेत छापून दिला आणि त्याचे वेगळे पैसे लावले.

अल्टिमीटरची अवस्था याहून गंभीर आहे. यंत्र एकाच वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात सैल टाकलेले होते आणि काच तडकून तिचा एक कोपरा निखळला होता. आपल्या यंत्राचा काटा आठ हजार फुटांवर अडकला असून खालची कळ फिरवली तरी तो हलत नाही. आमचे गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम हजार फुटांवर आहे. आपल्या म्हणण्याप्रमाणे माझे अंगण कळसूबाईच्या शिखराहून उंच ठरते. हा दोष मी सोसलाही असता, कारण आतली हवाबंद डबी इतक्या वर्षांनी गळणे स्वाभाविक आहे आणि मला या यंत्रावर विमान चालवायचे नाही.

मात्र त्या काळच्या अनेक उपकरणांच्या तबकड्यांवर आकडे आणि काटे अंधारात चमकणाऱ्या, किरणोत्सारी रेडियमच्या रंगाने रंगवलेले असत. या तबकडीवरचे आकडे तसेच जाड, तपकिरी पडलेले आहेत आणि त्यांचे कण सुटून खोक्याच्या तळाशी सांडले होते. काच शाबूत असेपर्यंत असे यंत्र कपाटात ठेवता येते. काच फुटली की ती भुकटी हाताला लागते, हातावरून तोंडात जाते. मी ते यंत्र खोक्यासकट दोन जाड पिशव्यांत बांधून घरापासून दूर असलेल्या शेतातल्या खोलीत ठेवले आहे आणि नातवंडांना तिकडे जाण्याची मनाई केली आहे. आपल्या जाहिरातीत रेडियमचा एका अक्षराने उल्लेख नव्हता.

हे सर्व मी फोनवर प्रथम सांगितले तेव्हा "नोंद घेतली आहे" असे उत्तर मिळाले. त्यानंतरच्या फोनवरही नोंदच घेतली गेली. आज मी पर्यवेक्षकांनाच मागितले. बराच वेळ सनईचे सूर ऐकवल्यानंतर एक तरुण गृहस्थ बोलू लागले. मी म्हणालो, "पत्र्यावरचे रिव्हेट पाहा, छायाचित्र पाठवले आहे." त्यांनी विचारले, "काका, रिव्हेट म्हणजे?" विमानांचे भाग विकणाऱ्या कंपनीच्या पर्यवेक्षकांनी मला हे विचारले, हे वाक्य आपण दोनदा वाचावे. मी त्यांना रिव्हेट समजावून सांगितला. पुढे पॉप रिव्हेटही समजावून सांगितला. या शिकवणीचे मानधन परताव्यात धरायचे की नाही, हे मी आपल्यावर सोपवतो.

मग मी रेडियमचा विषय काढला. ते म्हणाले, "अंधारात चमकतंय का?" मी म्हणालो, नाही. "मग संपलं असेल की, काका. उलट सेफ झालं." रेडियमचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे संपायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षांचे असते, चमकणे थांबते ते त्यात मिसळलेले झिंक सल्फाइड निकामी झाल्यामुळे, रेडियम जागच्या जागी असते. हे मी सांगत असताना पलीकडे कोणीतरी हसल्याचे मला स्पष्ट ऐकू आले. मी ऐकले न ऐकल्यासारखे केले आणि पुन्हा पत्र्यावर आलो. तेव्हा त्यांनी आवाज मऊ केला, हट्टी मुलाची समजूत घालताना करतात तसा, आणि विचारले, "काका, तुम्ही ते भिंतीवरच लावणार ना?" मी म्हणालो, हो. "तुम्ही गावाकडे राहता ना?" मी म्हणालो, हो, आर्वी तालुक्यात. "मग झालं तर. तिथे कोण ओळखणार आहे?"

मला वाटले, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी त्यांना पुन्हा बोलण्यास सांगितले आणि त्यांनी तेच वाक्य अधिक सावकाश, एकेक शब्द सुटा करून पुन्हा म्हटले. त्यानंतर "आणखी काही मदत करू शकतो का?" असेही विचारले. मी फोन ठेवला.

कोण ओळखणार आहे, याचे उत्तर फोनवर दिले नाही ते येथे देतो. १९४९ मध्ये देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून निघालेले डाकोटा मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडेपर्यंत आपापल्या शहरी परत पोहोचत. माझे वडील तेव्हा नागपूरच्या टपाल खात्यात होते. मला डाकोटाच हवा होता तो एवढ्याचसाठी, आणि हे मी मागणी नोंदवताना आपल्या विक्री विभागाला लिहूनही कळवले होते. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपुरात आहे. नागपूरच्याच मिहान प्रकल्पात बोइंग विमाने दुरुस्तीला येतात. १९९१ मध्ये नागपूरला उतरलेले एक बोइंग ७२० मालकाने सोडून दिल्यामुळे दोन तपे तेथेच उभे होते आणि २०१५ मध्ये ते बाजूला हलवले तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याची चर्चा झाली. विमान काय असते हे विदर्भाला सांगण्याची गरज नाही. आणि समजा, येथे ओळखणारे कोणीच नसते, तरी खोटा माल खरा ठरला असता काय? गिऱ्हाइकाला कळणार नाही, म्हणून चालते, हे आपल्या कंपनीचे धोरण असेल तर तसे जाहिरातीत छापावे.

माल परत न्या म्हटले तर "आपल्या पिनकोडवर रिव्हर्स पिकअप उपलब्ध नाही" असा संदेश येतो. पैसे घेताना आणि पार्सल पोहोचवताना हाच पिनकोड चालला. फुटक्या काचेचे रेडियमचे यंत्र मी स्वतःच्या खर्चाने, काय आहे ते न सांगता, कुरिअरमध्ये टाकावे अशी आपली अपेक्षा असेल तर ती मी पूर्ण करणार नाही.

वाईट याचे वाटते की पूर्वी आपल्याकडूनच घेतलेली बोइंग ७३७ च्या खिडकीची चौकट माझ्या संग्रहात आहे. तिच्या आतल्या कडेला ६५ ने सुरू होणारा बोइंगचा भाग क्रमांक ठसठशीत उमटलेला आहे आणि सोबतच्या कागदावर विमानाची पूर्ण नोंदणी होती. ती पाहून माझ्या सांगण्यावरून इतरांनीही आपल्याकडे मागणी नोंदवली. आता त्यांच्या वस्तूंवरही चुंबक फिरवून पाहावा लागणार आहे आणि तो मी फिरवणार आहे.

माझी पूर्ण रक्कम परत करावी. दोन्ही वस्तू आपल्या खर्चाने आणि किरणोत्सारी वस्तूंसाठी लागू असलेल्या पद्धतीने येथून न्याव्यात. हा पत्रा आपल्याला कोणाकडून मिळाला, याचा लेखी खुलासा करावा, आणि तो होईपर्यंत त्याच वर्णनाचे जे इतर तुकडे आपल्या संकेतस्थळावर आजही विक्रीस आहेत, त्यांची विक्री थांबवावी. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणे तक्रार निवारण अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मी वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करीन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या ठिकाणी दावा करता येतो आणि इतक्या लहान रकमेला शुल्कही पडत नाही, तेव्हा हा म्हातारा मुंबईपर्यंत कशाला येतोय, या भरवशावर राहू नये. अल्टिमीटरबाबत अणुऊर्जा नियामक मंडळाला वेगळे पत्र लिहून तयार आहे. ते टाकायचे की नाही हे आपल्या उत्तरावर ठरेल.

आजच्या पर्यवेक्षकांना नोकरीवरून काढावे अशी माझी मागणी नाही. त्यांना रिव्हेट दाखवावा.

आपला,
एक ग्राहक
ता. आर्वी, जि. वर्धा

सोबत: पावतीची व प्रमाणपत्राची प्रत, पत्रा, रिव्हेट, तबकडी व खोके यांची छायाचित्रे.

ता. क.: वस्तू नेण्यासाठी ज्याला पाठवाल त्याला यंत्राची लेखी कल्पना देऊन पाठवावे. पार्सल आणणाऱ्या मुलाने मागच्या वेळी ते खोके पोटाशी धरून दुचाकीवर आणले होते आणि आत काय आहे हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.